मॉड करायची की मोडायची?

गुढीपाडव्याला आमच्या दारात नवी गाडी उभी राहिली. लेकाची. त्याच्या पगाराची, त्याच्या कर्जाची आणि दहावीपासून भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरांची! मी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, ह्यांनी नारळ फोडला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती छान रंग!" चिरंजीवांना तो शेरा फारसा आवडला नाही. रंगाचं काय कौतुक? इंजिन बघा ना! दीड लिटरचं टर्बो, दीडशे हॉर्सपॉवर.

गाडी व्हर्टस जीटी. आपल्या चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. दिसायला चार दारांची, डिकीवाली घरगुती गाडी. "अरे, तू तर स्पोर्ट्सकार घेणार होतास ना?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "आई, ही मनाने स्पोर्ट्सकारच आहे. थोडं काम केलं की अंगानेही होईल."

हे 'थोडं काम' म्हणजे काय, ते तिसऱ्या दिवशी कळलं. फ्रिजवर, माझ्या दुधाच्या हिशेबाशेजारी, एक यादी लागली होती. वर ठळक अक्षरात, 'मॉड लिस्ट'. इंजिनचं रीमॅप, मोठा एक्झॉस्ट, अठरा इंची अलॉय व्हील्स, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, काचांना काळी फिल्म, मागे स्पॉयलर, पुढे जादा दिव्यांची पट्टी, दोन सुरांचा हॉर्न आणि तिरक्या अक्षरांची नंबर प्लेट. एकूण नऊ कलमं. खाली बेरीज, साडेतीन लाख!

ह्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं. मग म्हणाले, "चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला!" झालं. त्या रात्री आमच्याकडे पोळ्या तशाच राहिल्या. बाप म्हणतो, कंपनीच्या इंजिनियरांपेक्षा तू शहाणा का? लेक म्हणतो, पैसे माझे, गाडी माझी, तुम्ही कोण? मी मध्ये. आई जिथे नेहमी असते तिथे.

मैत्रिणींनो, खरं सांगू? 'मॉड' हा शब्द मला धड ऐकूच येत नव्हता. तो म्हणायचा, "गाडी मॉड करायचीय." मला ऐकू यायचं, "गाडी मोड करायचीय." आणि मोड हा शब्द ऐकला की मला एकच गोष्ट आठवते, माझ्या पाटल्या.

माझ्या लग्नात आईने स्वतःच्या हातातल्या पाटल्या काढून मला दिल्या होत्या. जुन्या घडणीच्या, जाड, जड. घातल्या की हात नऊवारीतल्या बाईचा वाटायचा. तेव्हा मला ते नकोसं व्हायचं. मैत्रिणींच्या हातात नाजूक, नक्षीच्या बांगड्या होत्या. एका लग्नसराईत मी त्या पाटल्या मोडल्या. सोनाराने तोलल्या, घट धरली, मजुरी लावली आणि चार नाजूक बांगड्या हातात दिल्या. दोन वर्षांत त्यांची फॅशन गेली. एक चेपली, एक माजघराच्या कडीत अडकून वाकली. आई काहीच बोलली नाही. फक्त एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ठेवायच्या होत्यास गं." आज आई नाही. पाटल्याही नाहीत. सोनं कुठेतरी आहे, पण पाटल्या नाहीत.

म्हणून त्या रात्री मी लेकाला 'करू नकोस' म्हटलं नाही. हौसेला मोल नसतं, हे मलाही मान्य आहे. मी एवढंच विचारलं, "यातलं काय काय परत पहिल्यासारखं करता येईल रे?" तो थांबला. असा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं यादी घेऊन बसलो. मी बी.ए. मराठी, मला टर्बो काय कळणार? पण पोरांना समजावून सांगायला लावलं की निम्मं त्यांचं त्यांनाच कळतं, हा माझा संस्थेतला अनुभव.

आधी चाकं. टायरच्या अंगावर 205/55 आर 16 असं लिहिलेलं असतं. इतकी वर्षं गाडीत बसते आहे, मी ते कधी वाचलंही नव्हतं. 205 म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 55 म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची रबराची भिंत आहे ते. आणि 16 म्हणजे आतल्या रिमचा व्यास, इंचात. मी कागदावर गुणाकार केला. रबराची भिंत भरली साधारण सव्वाअकरा सेंटिमीटर. आता रिम अठरा इंची घेतली, तर चाकाची एकूण उंची वाढवून चालत नाही, नाहीतर चाक आत घासणार आणि वेगाचा काटाही चुकणार. मग वाढलेली रिम जागा कुणाची खाणार? रबराची! 225/40 आर 18 घेतलं तर भिंत राहते नऊ सेंटिमीटर. म्हणजे खड्ड्यात चाक आपटलं की धक्का झेलायला दोन बोटं रबर कमी. "आणि आपण राहतो कुठे?" मी विचारलं. चिरंजीव हसले. सिंहगड रस्त्याचे खड्डे त्यांनाही पाठ आहेत.

मग ते रीमॅप. आजकालच्या इंजिनात एक छोटा संगणक असतो. किती इंधन सोडायचं, टर्बोने किती दाबाने हवा कोंबायची, हे तो ठरवतो. रीमॅप म्हणजे त्याला नवा हुकूम द्यायचा, "आणखी दाब!" गाडी पळते जोरात, यात खोटं नाही. पण क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक हे बिचारे जुन्याच ताकदीचे. दोन शेर शिजवायच्या कुकरमध्ये तीन शेर कोंबले तर शिजेलही एखाद्या वेळी, पण शिट्टीकडे लक्ष ठेवून कोण बसणार? आणि वॉरंटी? पुढे इंजिन किंवा गिअरबॉक्स बिघडला आणि हा बदल सापडला, की कंपनी हात वर करायला मोकळी. गाडीचं कर्ज सात वर्षांचं आणि वॉरंटी पहिल्या महिन्यातच घालवायची! याला म्हणतात उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

एवढ्यात मला आमच्या भाच्याची आठवण झाली. सातारचा. त्यानेही हौसेने गाडी घेतली आणि महिन्याच्या आत स्प्रिंगा कापाव्यात तशी ती खाली बसवून घेतली. मोठी चाकं, पातळ टायर. फोटोत गाडी अशी दिसायची, जणू चित्ता दबा धरून बसलाय! मूळची चाकं आणि स्प्रिंगा त्याने त्याच गॅरेजवाल्याला कवडीमोलाने विकून टाकल्या. "ठेवून काय करू? घरात जागा नाही." पहिल्याच पावसाळ्यात खंबाटकीच्या अलीकडे एका खड्ड्यात दोन रिम वाकल्या. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. तो गाडी तिरकी करून, एकेक चाक चढवून न्यायचा आणि मागचे हॉर्न वाजवायचे.

त्यातच सून गरोदर. सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठेवलेलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, सगळी तयारी. आणि सून आली रिक्षाने! नवऱ्याची वीस लाखांची गाडी दारात उभी, पण तिच्यात बसलं की प्रत्येक धक्का थेट पाठीत. डॉक्टरांनीच नको म्हटलेलं. आम्ही बायका हसलो, गाणी म्हटली, पण मी त्याच्याकडे पाहिलं. पोरगा हिरमुसून कोपऱ्यात उभा होता. बाळ घरी आणायच्या आधी त्याने नवी स्प्रिंगा-चाकं परत विकत घेऊन गाडी पूर्ववत केली. लावायला पैसे, काढायला पैसे, आणि स्वतःच विकलेली वस्तू दुकानातून दामदुपटीने घ्यायला पैसे. "मामी, मी गाडी फोटोसाठी बदलली. राहायचं होतं रस्त्यावर," असं तो म्हणाला होता.

हे ऐकून माझा लेक जरा वरमला. पण तरुण रक्त! म्हणाला, "म्हणजे बदल करूच नये का? कंपनी देईल तेच गोड मानून घ्यायचं?"

छे! मी असं कुठे म्हटलं? मी तर त्याला उलट उदाहरण दिलं.

मी ज्या संस्थेत काम करते तिथे दिव्यांग मुलं आणि मोठी माणसंही येतात. आमच्या एक ताई आहेत, शिक्षिका. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. त्या गाडी चालवतात! स्वतःच्या, बदललेल्या गाडीत. स्टीअरिंगखाली एक दांडी बसवली आहे. पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की वेग. पाय लागतच नाहीत. गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचचा प्रश्नच नाही.

ताईंनी हा बदल कसा ठरवला, ते मला जवळून ठाऊक आहे. आधी त्या दुसऱ्या दोघा-तिघांच्या अशा गाड्यांत बसून आल्या. दांडी डावीकडे हवी की उजवीकडे, किती उंचीवर, हात किती वेळात दुखतो, याची चक्क वही केली. केवळ हेच काम करणाऱ्या कारागिराकडून ती बसवून घेतली. आरटीओच्या कागदावर नोंद, विमा कंपनीला पत्र, सगळं रीतसर. आणि उद्या गाडी विकायची झाली तर ती दांडी काढून गाडी जशी होती तशी करता येते. सहा वर्षं झाली. मी त्यांना मुद्दाम विचारलं, "कधी वाटलं का, हे नको करायला हवं होतं?" त्या म्हणाल्या, "अहो, त्या दांडीने मला रिक्षावाल्यांच्या नकारातून सोडवलं. पस्तावू कशाची?"

मला वाटतं, पस्तावा होणारा बदल आणि न होणारा बदल यांतला फरक इथेच आहे. ताईंनी बदल केला तो स्वतःच्या अडचणीतून. अडचण आधी होती, दांडी नंतर आली. आमच्या भाच्याला अडचण कसलीच नव्हती. त्याने दुसऱ्याच्या गाडीचा फोटो पाहिला आणि आपल्या गाडीत खोट शोधली. आपण बायका हे चांगलं ओळखतो. शेजारणीचं मॉड्युलर किचन बघून आपलाही ओटा फोडणाऱ्या किती जणी मला माहीत आहेत! नंतर वाकून वाकून ट्रॉल्या ओढताना कंबर धरते, आणि जुन्या फडताळाची आठवण येते.

आता कायद्याचं. हे तर मला आधी मुळीच माहीत नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात गाडीमालकाने मनाने बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे, 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. प्रत्येक बदलामागे हं! आमच्या फ्रिजवर नऊ कलमं होती. ह्यांनी लगेच बोटं मोजायला सुरुवात केली.

काळ्या फिल्मचंही तसंच. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म लावायला बंदी केली. पुढच्या-मागच्या काचेतून निदान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आत यायलाच हवा, हा नियम. नंतर नियमात दुरुस्ती होऊन ठराविक दर्जाच्या फिल्मला जागा मिळाली आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेत बसणाऱ्या फिल्मला मुभाही दिली. पण उजेडाची मर्यादा तीच. लेकाला हवी होती ती कोळशासारखी काळी फिल्म आजही बेकायदाच. काळ्या काचेआड काय चाललंय हे बाहेर कुणाला दिसत नाही, ही गोष्ट मुलीबाळींच्या आईने तरी विसरू नये. नंबर प्लेटचा तर प्रश्नच मिटला. 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट गाडीसोबतच येते. तिथे 'दादा' नाही आणि 'मामा'ही नाही.

एक्झॉस्टवर मात्र आमचं खरं वाजलं. त्याला इंजिनाचा खर्ज ऐकायचा होता. "आई, तो आवाज म्हणजे गाणं असतं!" असेल बाबा. पण मी त्याला आमच्या केंद्रात घेऊन गेले. रस्त्याला लागूनच खोल्या आहेत. आमच्याकडे एक मुलगी येते, अकरा वर्षांची, स्वमग्न. तिला मोठा आवाज सहन होत नाही. आम्ही बसलो होतो तेवढ्यात बाहेरून फटाके फोडत जावी तशी एक मोटारसायकल गेली. तसला बदललेला सायलेन्सर. ती पोर टेबलाखाली शिरली, कानांवर हात दाबून. बाहेर यायला तिला वीस मिनिटं लागली. शिकवलेलं सगळं त्या दिवसापुरतं पुसलं गेलं. मोटारसायकलवाला तोवर दोन चौक पुढे गेला असेल. आपल्या मागे काय राहिलं, ते त्याला कधीच कळणार नाही.

लेक काही बोलला नाही. घरी आल्यावर फ्रिजवरच्या यादीतलं दुसरं कलम त्याने स्वतःच्या हाताने खोडलं. आपले पोलीस असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, तेही मी सांगणार होते. गरजच पडली नाही.

पण थांबा! मी फार शहाणी ठरले असं समजू नका. त्याच आठवड्यात माझीही परीक्षा झाली.

मी गाडीसाठी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, तुळशीबागेतून छानसा पितळी गणपती, चिकटवायचा. दुसरी, मखमली सीट कव्हर्स, मापाला थोडी सैल, पण रंग काय सुंदर! मी गणपती डावीकडच्या बाजूला, डॅशबोर्डच्या मधोमध चिकटवायला घेतला, आणि चिरंजीवांनी माझा हात धरला. "आई, इथे वाच." डॅशबोर्डवर बारीक अक्षरात 'एअरबॅग' असं कोरलं होतं. अपघातात ते झाकण फाडून पिशवी पापणी लवायच्या आत फुगते. झाकणावर जे असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर. "आणि समोर बसतेस तू!" मग त्याने सीटच्या कुशीवरचं लेबल दाखवलं. तिथेही एअरबॅग! सैल कव्हर घातलं तर ती बाहेर कशी येणार? कव्हर घालायचंच तर त्या जागी उसवणारी खास शिवण असलेलं हवं.

"आई, हेसुद्धा मॉडिफिकेशनच," तो म्हणाला. अगदी शांतपणे. माझ्याच शब्दांनी मला पकडलं होतं.

आपण बायका, आई-आजी, गाडीत असे कितीतरी बदल करतो आणि त्यांना बदल म्हणतच नाही. मागच्या काचेत उशा आणि टेडी, म्हणजे मागचं दिसत नाही. आरशाला लोंबणारी माळ. ड्रायव्हरच्या पायाखाली दोन-दोन मॅट, एक सरकून ब्रेकखाली गेली तर? सीटबेल्टची टिकटिक नको म्हणून खोबणीत नुसती खोटी क्लिप खोचणारी माणसं तर मी शिकल्या-सवरल्या घरांत पाहिली आहेत. या क्लिपा सर्रास ऑनलाइन मिळायच्या. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विक्रेत्या संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावल्या. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर बेल्टविना होते. एवढ्या मोठ्या गाडीत! पोरांच्या सायलेन्सरवर बोलणाऱ्या आपण मागे बसलो की बेल्ट लावतो का? मी लावत नव्हते. आता लावते.

गणपती आता देवघरात आहे. त्याची हरकत दिसत नाही.

त्या दिवशी आमचा तह झाला. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. नव्याचे नऊ दिवस जाऊ द्यायचे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. ताईंसारखी एक वही गाडीच्या खणात ठेवायची. चालवताना खरंच काय खुपलं ते त्याच दिवशी लिहायचं. दिवाळीत वही उघडायची आणि जे तीनदा लिहिलं गेलंय त्याचाच विचार करायचा. ह्यांनीही एक अट घातली आणि मला ती फार आवडली. जो बदल करशील त्याचं मूळ सामान विकायचं नाही, आणि विमा कंपनीला कळवल्याशिवाय काही बसवायचं नाही. विम्याचं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. न कळवलेल्या बदलामुळे ऐन अपघातात दावा अडकू शकतो. मग दुखणं एकीकडे आणि कागद एकीकडे.

दिवाळीला, फराळाच्या ताटासमोर, आम्ही वही उघडली. तुम्हाला काय वाटतं, काय निघालं असेल? ताकद कमी पडते, असं एकदाही लिहिलेलं नव्हतं! दीडशे घोडे कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये लगामच चावत बसतात. स्पॉयलरचा उल्लेख नाही. अठरा इंची चाकांचा तर नाहीच, उलट जुलैतली एक ओळ होती, 'बरं झालं सोळाच इंची आहेत.' चार वेळा लिहिलं होतं, 'ओल्या रस्त्यावर ब्रेक मारायची भीती वाटते.' पाच वेळा, 'माझी चूक नसताना समोरचा भांडला.' आणि पुन्हा पुन्हा, 'चाकांचं डिझाईन अगदीच साधं!'

मग यादी आपोआप ठरली. भांडणासाठी समोर छोटा कॅमेरा बसवला, गाडीची वायर न कापता लागणारा. ब्रेकच्या भीतीसाठी तो आधी ब्रेकच बदलायला निघाला होता. पण त्याला शिकवणाऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने सांगितलं, "गाडीचे ब्रेक उत्तम आहेत. तुझा पाय शिकायचाय." खरंय की! गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरांच्या चार तळहातांएवढ्या जागेवर. ती जागा कशी वापरायची, हे शिकल्याशिवाय वरच्या ताकदीचा काय उपयोग? कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. ट्रॅकवर, हेल्मेट घालून, शिक्षकांच्या देखरेखीखाली गाडी चालवायला शिकायचं, यासाठी तो आता पैसे साठवतोय. वेगाची हौस फेडायची तर तिथे. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर नको.

आणि चाकांचं डिझाईन? ते मात्र मी 'घेच' म्हटलं. पुन्हा पुन्हा लिहिलं म्हणजे ती खरी हौस. त्याच मापाची, सोळा इंचीच, थोडी हलकी, दिसायला देखणी अलॉय घेतली. माप तेच, म्हणून टायर तेच. बिल विमा कंपनीला पाठवलं. साडेतीन लाखांची यादी पाऊण लाखाच्या आत आली, आणि तरी पोरगा रोज खाली जाऊन चाकं पुसतो. काल ह्यांनाही पुसताना पाहिलं. लेकाच्या नकळत!

मूळची चार चाकं आम्ही माळ्यावर ठेवली आहेत. धूळ बसू नये म्हणून माझ्या जुन्या नारायणपेठीत गुंडाळून. शिडीवर उभी राहून मी शेवटची गाठ मारत होते, तर खालून लेक म्हणाला, "आई, बास झालं गं. चाकंच आहेत ती."

मी काही बोलले नाही. गाठ जरा घट्टच मारली. आईच्या पाटल्यांसाठीही तेव्हा घरात एक माळा होता. मला तो सुचला नव्हता, एवढंच.